दाजींनी बसवलेला कमोड

माणसाला कशाचा हेवा वाटेल, काही सांगता येत नाही. मला माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा वाटला, आणि तोही संडासावरून.

आईचे गुडघे गेल्यावर आष्टीच्या घरात मी तिच्यासाठी कमोड बसवून घेतला होता. वर्षभरात तो डुगडुगायला लागला. मी फरशीचा एक तुकडा खाली सारला, कडेनं पांढरं सिमेंट लिंपलं, हातानं दाबून पाहिलं आणि आईला सांगितलं, "आता न्हाई हलत." पंधरा दिवसांत सिमेंटला चीर गेली. पुन्हा लिंपलं. असं तीनदा झालं. दरवेळी आई "बरं" म्हणायची आणि मी स्वतःवर खूश व्हायचो.

मग धोंड्याचा महिना आला. बहीण आणि दाजी जेवायला आले. वडील नाहीत, त्यामुळे परातीत दाजींचे पाय मी धुतले, टॉवेलनं पुसले, नवा शर्ट दिला, ताटात धोंडे आणि अनारसे वाढले. आमच्याकडे त्या दिवशी जावयाला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. आणि जेवण झाल्यावर हे गृहस्थ उठले, गाडीच्या डिकीतून ड्रिल काढलं आणि थेट संडासात शिरले.

"दाजी, राहू द्या. लोक काय म्हणतील?"

"लोक कुठं संडासात येणार हायत?"

नवा शर्ट खुंटीला टांगून ते बनियनवर गुडघे टेकून बसले. माझं सिमेंट त्यांनी छिन्नीनं उडवलं. एकाखाली एक तीन थर निघाले. ते त्यांनी एकावर एक रचून कडेला ठेवले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जुनी भोकं भुसभुशीत झाली होती, ती त्यांनी खोल केली, नवे स्क्रू बसवले, थोडं इकडून, थोडं तिकडून असे आवळले आणि कडेनं नवं सिमेंट भरलं. दारात आई खुर्ची टाकून बसली होती. एरवी जावयापुढं डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई त्यांना बॅटरी धरून उजेड दाखवत होती. माझ्या कामाला तिनं कधी बॅटरी धरली नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "धोंडे खायला येताना ड्रिल कशापायी आणलं त्यांनी?"

"मीच सांगितलं फोनवर."

"जावयाला? आन् मला न्हाई सांगितलं?"

"तुला तीनदा सांगितलं. तू हातानं दाबून बघतूस. कवा बसून बघितलंस का त्याच्यावर?"

नव्हतं बघितलं. मी अजून अंगणातल्या जुन्या संडासातच जातो.

"बसलं की कलतंय. पडंन म्हणून लई भ्या वाटायचं. म्हणून च्या सोडला व्हता दुपारचा. पाणीबी बेतानंच प्यायचे."

चहा तिनं साखरेमुळं सोडला, असं मी चार लोकांत कौतुकानं सांगत आलो होतो. दाजी मात्र, आईनंच सांगितलं, मागच्या खेपेला एकदा त्या कमोडवर बसले होते, आणि एकदाच बसून त्यांना कळलं होतं. हे मला जास्त लागलं.

सिमेंट वाळेपर्यंत एक दिवस वापरू नका, असं ते बजावून गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आत गेलो, कडी लावली आणि पहिल्यांदा त्या कमोडवर बसलो. डावीकडं झुकलो, उजवीकडं झुकलो, जोर लावून मागं रेललो. तसूभर हलला नाही. खरं सांगतो, थोडा तरी हलायला हवा होता असं वाटलं.

मी पुन्हा एकदा जोर लावला.

बाहेरून आईनं कडी वाजवली. "ऊठ आता. मला जायाचंय. च्या दोनदा घेतलाय आज."