आत्याच्या फोटोला हार

नांदेडच्या एका कॉलेजातून मला बोलावणं आलंय. यशस्वी प्रदर्शन कसं भरवावं, यावर बोलायचंय. मी हो म्हणालो. सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे, हे काही खोटं नाही. लातूरला आमच्या कॉलेजात घराघरांतल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन मी उभं केलं आणि ते गाजलं.

लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांतल्या घरांच्या भिंतींवरचे फोटो मागून आणायचे, अशी कल्पना. त्यासाठी मी स्वतः गावोगाव हिंडलो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पण ओसरीत मांडी घालून कसं बसावं, बशीतला चहा कसा प्यावा, हे विसरलो नव्हतो. म्हणून लोकांनी फ्रेमा दिल्या. खिडकीचा उजेड काचेवर चमकू नये म्हणून मी हॉलमधल्या फळ्या तिरक्या लावल्या. फोटो डोळ्यांच्या उंचीला, मजकूर मोठ्या अक्षरात आणि थोडका, म्हाताऱ्या माणसांसाठी जागोजागी खुर्च्या. सगळं माझं मीच आखलं.

दारासमोरची जागा आत्याच्या फोटोला दिली. आत्या राहते हदगावजवळच्या खेड्यात. लग्नानंतर ती आणि तिचा नवरा नांदेडच्या स्टुडिओत गेले होते, तेव्हाचा तो फोटो. मागं रंगवलेलं तळं, आत्याच्या हातात प्लास्टिकची फुलं. तिच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. मामा वारून बरीच वर्षं झाली. फोटो भिंतीवरून उतरवताना मी विचारलं होतं, "आत्या, सगळ्यांच्या घरी हार असतो. मामांना तू कधीच घातला न्हाई का?"

"मी बी हाय की त्यात," आत्या म्हणाली. "काच पुसून घे. धूळ लई बसलीय."

मी काच पुसली.

उद्घाटनाच्या सकाळी हॉल मला ओकाबोका वाटायला लागला. फ्रेमांच्या दुकानात उभं राहिल्यासारखं. घरी या फोटोंना हार असतात, मग इथंही हवेत. झेंडूचे हार मागवले. नांदेडच्या मुसलमान कुटुंबांनी विश्वासानं दिलेले काही फोटो होते. त्यांच्यात फोटोला हार घालत नाहीत. हारवाल्याला ते फोटो मी बोट लावून दाखवले आणि म्हणालो, "हे सोडून बाकी सगळे." आपण किती बारीक विचार करतो, असं वाटून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पाहुणे आले, फीत कापली आणि दारासमोरच्या फोटोपुढं हात जोडून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पेपरात नेमकं तेच छायाचित्र. मी ते लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि कौतुकाची वाट बघत बसलो. पहिला फोन वडिलांचा. आत्याला ते अक्का म्हणतात.

"अक्का गेली अन् तू मला मोबाईलवर कळवून राहिलास?"

"कुठं गेली?"

"कुठं म्हणजे? हार घातलाय की तिला!"

 त्यांना कसंबसं समजावलं आणि आत्याला फोन लावला. तिनंच उचलला.

"हाय मी अजून," ती म्हणाली. "बायका पिठलं-भाकरी घेऊन दारात आल्या. दार मीच उघडलं. एकीनं तर किंकाळीच फोडली."

"आत्या, मी..."

"पिठलं चांगलं झालतं. खाल्लं मी. उद्या येते तिकडं."

"मी फोटो घेऊन येतो ना."

"नको. मी येते."

ती यायच्या आत मी हार काढून टाकला होता. तिनं फोटोकडे बराच वेळ बघितलं. मग खुर्ची ओढली आणि फोटोखाली बसली. "बघू दे लोकांला, जित्ती हाय का न्हाई."

लोक थांबायला लागले. कॉलेजच्या एका पोरीनं विचारलं, "आजी, या तुम्हीच का?"

"मग काय तुझी सासू?"

सगळा घोळका हसला. फुलं स्टुडिओवाल्याची होती, मामांच्या हातातलं घड्याळही त्याचंच, असं ती सांगत सुटली. गर्दी वाढतच गेली. कुणी तरी विचारलं, "आजी, आजोबांना हार नाही?"

"त्यांला घातला तर मला बी पडतो. भावकीतल्या बायका टोचून बोलायच्या, नवऱ्याला साधा हार घालंना म्हणून. बोलू दिलं. ह्याच्यात आम्ही दोघं जित्ते हाव." हे बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात प्राचार्य आले. गर्दी बघून खूश झाले. "सर, फोटोतलं माणूसच फोटोखाली बसवलंत! काय कल्पना आहे!"

आत्या हातभर अंतरावर होती.

"हो, सुचलं," मी म्हणालो.

तिनं ऐकलं. पुढच्या माणसानं काही विचारलं, त्याला ती नीट उत्तरही देईना. संध्याकाळी उठली, फोटो स्वतःच खिळ्यावरून उतरवला आणि आणलेल्या चादरीत गुंडाळला.

"आत्या, प्रदर्शन अजून चालू आहे."

"चालू दे की. तुझं हाय ते."

मी शिकायला होतो, तेव्हा स्टँडवर आत्याची पिशवी कायम माझ्या हातात असायची आणि ती भेटेल त्याला सांगायची, "हा आमचा कॉलेजवाला." त्या संध्याकाळी लातूरच्या स्टँडवर मी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझं मी नेते."

गाडीत बसल्यावर फोटो मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरून. गाडी निघाली तरी तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

नांदेडच्या भाषणाची तयारी झालीय. उजेड, उंची, मजकूर, खुर्च्या. काल आयोजकांचा फोन होता. "सर, ती आजींना बसवायची कल्पना मात्र नक्की सांगा. सगळे तेच ऐकायला येणार आहेत."

मी बरं म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. ती कल्पना माझी नव्हती, हे सांगायला मला तोंड उघडवत नव्हतं. हदगावची गाडी नांदेडच्या स्टँडवरूनच सुटते. आत्याला अजून फोन केलेला नाही.