फसलेल्या पेटीचा मान

अनंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होते. हातातलं ड्रॉइंग खाली ठेवून आधी पोटभर रडले आणि मग... का कोण जाणे, हसूच आलं. त्या माणसाची आठवण काढून नुसतं रडत बसणं जमतच नाही!

काका नवी मुंबईतल्या बोनकोडे गावचे. ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात ते नमुने, बनवणारे पट्टीचे कारागीर आणि आमच्या छोट्या उद्योजकांच्या संघटनेचे सेक्रेटरी. संगणकातल्या चित्रावरून कागदाचे थर चिकटवत पॅटर्न करणारं मशीन संघटनेनं घ्यावं म्हणून सगळ्यांत जास्त भांडले ते हेच. "काका, तुमच्याच पोटावर पाय येईल," असं कोणी म्हटलं की म्हणायचे, "माजे हात कुठं जातायत?"

त्या मशीनवरचं पहिलं काम माझं. अपंगांसाठीच्या, हातानं चालवायच्या तीनचाकीची गिअरपेटी. पुढच्या शुक्रवारी एका संस्थेला गाडी चालवून दाखवायची होती. ऑर्डर हुकली असती तर माझ्या कारखान्याला टाळंच. पॅटर्न देखणा झाला, पेटी ओतून आली... आणि गिअर आत बसेचनात! ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवायचा असतो. मी मात्र तयार पेटीचंच माप दिलं होतं. इंजिनिअर असून! पेटी कपाटामागे दडवली आणि खापर मशीनवर फोडायचं ठरवलं.

संघटनेची रीत अशी, की फसलेला तुकडा बैठकीत टेबलावर ठेवायचा आणि चूक आपल्या तोंडानं सांगायची. रविवारी बैठकीआधी काका पेटी बघायला आले. माझा चेहरा पाहून काय ते समजले. "बाय, तू लपवशील त मशीनचं नाव खराब हुईल. आनि उद्या दुसरा पन हीच चूक करील." मी पेटी टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. कोणीही हसलं नाही. एकानं मापं सुधारून दिली, दुसऱ्यानं मशीनवरची आपली पाळी सोडली, काकांनी नव्या पॅटर्नच्या कडा हातानं घासल्या. शुक्रवारी गाडी चालवून बघायला आलेले गृहस्थ वाशीच्या मैदानाला तीन फेऱ्या मारूनही उतरायला तयार नव्हते! ऑर्डर मिळाली. मी पाया पडायला वाकले तर काका ओरडले, "पाया काय पडतेस, पेढे आन!"

जी पेटी चालली, तशीच आणखी एक ओतून संघटनेच्या काचेच्या कपाटात ठेवू, असं मी सुचवलं. काकांनी साफ नकार दिला. "चांगली रस्त्यावर फिरू दे." कपाटात त्यांनी फसलेली ठेवली आणि खाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली. परवा नव्या सभासदांना ती चिठ्ठी मीच मोठ्यानं वाचून दाखवली, ताठ मानेनं: "धातू आकसतो हे विसरली. स्वतः सांगितलं. म्हणून गाडी चालली."