मीटरसाठी पापलेटं

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला, माझ्या हातून काय घडलं ते! नागावच्या चहाच्या टपरीवर भ्रष्टाचाराविरुद्ध माझ्याइतकं कुणी बोलत नाही. "कायदे बदलून काय उपयोग? आधी माणसं बदलायला हवीत!" असं म्हणत मी रोज दुसऱ्याच्या चहावर देश सुधारतो.

तर यंदा वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. दिवाळीचं बुकिंगही झालं. बाकी होता फक्त विजेचा मीटर. कागद चोख, नव्या साहेबाची तेवढी सही हवी होती.

शेजारचा बाळूदादा म्हणाला, "सायबाला पापलेटं दिलीस का?"

"कशाला? कागद बरोबर हायत."

"म्हनून हात हलवत जायाचं? बरं दिसतं व्हय?"

पटलं हो मला! बायको ओरडली, "अवो, सरळ काम होतंय, त्याला कशाला नाट लावताय?" पण तिला व्यवहार कुठे कळतो!

थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, बर्फात ताजी फडफडीत पापलेटं. गेलो साहेबाच्या दारात.

साहेबाने झाकण उघडलं. "अर्जात काय घोळ आहे?"

"काहीच नाही साहेब! एकदम स्वच्छ!"

"मग हे कशाला?"

"पद्धत आहे आपल्याकडे."

"कागद स्वच्छ असले तर मासे कोण आणतो? आज सही करणारच होतो मी. आता आधी जागा बघतो, चला."

आणि डब्यासकट मला जीपमध्ये घालून आला की हो वाडीत! मी निर्धास्त. खोल्यांचं वायरिंग तपासलं, चोख निघालं. साहेब जायला वळला आणि त्याची मान वर गेली.

"नारळांवर भरदुपारी दिवे कसे पेटलेत?"

फुकटची वीज, बंद कोण करतो? गणपतीत रस्त्यावरच्या खांबावर आकडा टाकला होता, तो काढायचा राहूनच गेला!

"साहेब, ही काय चोरी आहे? इथे सगळेच टाकतात!"

साहेब हसला नाही. वायर कापली, दंड ठोकला, मीटरचं काम लटकलं. डबा मात्र आठवणीने परत दिला. रात्री बायकोने तीच पापलेटं तळून वाढली. "खावा तुमची पद्धत!"

दिवाळीत अख्खं नागाव उजळलं आणि माझे पाहुणे मेणबत्ती घेऊन संडास शोधत होते. दुसऱ्या दिवशी ते सगळे शेजारच्या बाळूदादाकडे राहायला गेले. सांगा, संताप येणार नाही?

असल्या साहेबांमुळेच तर साध्या माणसाची कामं अडतात! त्याची बदली झालीच पाहिजे. उद्या वरच्या साहेबांना भेटायला निघालोय. फक्त एवढं कुणीतरी सांगा, त्यांना पापलेट चालतं की सुरमई न्यावी?