भिकुअक्काची चिठ्ठी

झुलाल पाटील इंटरला होता. धुळे तालुक्यातल्या त्या बारक्या गावातून जळगावच्या कॉलेजात गेलेला तो पहिलाच, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. सुट्टीत घरी आला तरी लेंगा सोडून पँट घालायचा, शेतात जाताना बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधाबांधानं चालायचा. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते असं.

छप्पन्न सालच्या दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या समाजसेवा मंडळानं टूम काढली. प्रत्येक स्वयंसेवकानं आपापल्या गावी तीन आठवडे प्रौढांचा साक्षरता वर्ग घ्यायचा. शेवटी तालुक्याचे साहेब येऊन परीक्षा घेणार आणि ज्याचा वर्ग उत्तम निघेल त्याला पुण्याच्या शिबिराला पाठवणार. झुलालनं पुणं पाहिलेलं नव्हतं. त्यानं तिथल्या तिथं नाव दिलं.

दिवेलागणीला मारुतीच्या पारावर कंदील टांगून वर्ग सुरू झाला. कापूस वेचून, भाकरी थापून बाया यायच्या, सात-आठ जणी. त्यांत भिकुबाई सगळ्यांच्या आधी हजर. पन्नाशीची विधवा, सारं गाव तिला भिकुअक्का म्हणे. तिची एकुलती एक लेक यशोदा नवापूरकडे दिली होती. चौथी शिकलेली असल्यामुळे ती दोन-चार महिन्यांनी कार्ड टाकायची. ते कार्ड नथ्थू दुकानदार ओट्यावर उभा राहून वाचायचा, आणि वाचायचाही असा खणखणीत की तंबाखू घ्यायला आलेल्यांनाही यशोदाची खुशाली कळावी. प्रत्येक कार्डात एकच मजकूर असे, मी सुखरूप आहे, तू काळजी करू नको.

"माले फक्त पोरनी चिठ्ठी वाचता येवाले जोयजे, भाऊ," भिकुअक्कानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "बाकी काय बी नको."

पहिला आठवडा झुलालनं खरंच जीव लावून शिकवलं. बायांचे हात धरून पाटीवर ग आणि म गिरवून घेतले. दुसऱ्या आठवड्यात धुळ्याहून सायकलवर निर्मलकुमार आला, सोबत मगनला घेऊन. निर्मलकुमार कापडवाल्या मारवाड्याचा मुलगा. होस्टेलात तिघांची एकच खोली. झालं, सुट्टीला रंग चढला. दिवसा विहिरीत उड्या, संध्याकाळी शेतात भरताची पार्टी. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, ठेचायची, केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. दोनदा तर तिघं सायकली मारत धुळ्याला सिनेमाला गेले. पारावर कंदील जळत राहिला आणि बाया वाट पाहून घरी गेल्या.

ज्या दिवशी झुलाल जायचा त्या दिवशीही त्याचं सगळं लक्ष शेतातल्या जाळाकडं असे. मग त्यानं सोपा रस्ता काढला. धडा एकदा मोठ्यानं म्हणायचा, बायांनी मागून म्हणायचा, की सुटला. भिकुअक्काला तर एकदा ऐकलं की पुरे. जात्यावरच्या शेकडो ओव्या त्या डोक्यात बसलेल्या, तिथं चार ओळींचा धडा काय चीज. पुस्तकावर बोट ठेवून ती घडाघडा म्हणायची, "गाय गोठ्यात आहे. गाय चारा खाते. राधा गाईला पाणी दाखवते." बाकीच्या बाया तोंडात बोट घालायच्या.

एके दिवशी झुलालच्या ध्यानात आलं की तिच्या हातातलं पान भलतंच उघडलेलं आहे. तिथं विहिरीचा धडा होता आणि अक्का गाईचा म्हणत होती. त्यानं पान बदलून दिलं नाही. उलट रात्री भरताभोवती त्यानं तिची नक्कल करून दाखवली, बोट फिरवत, मान डोलवत. मगन हसून हसून लोळला.

निर्मलकुमारला मात्र हसू आलं नाही. "मग तिला सांगितलंस का, हे वाचणं नव्हे म्हणून?"

"परीक्षा होऊ दे, मग सांगू," झुलाल म्हणाला आणि वांग्याचं देठ जाळात फेकलं.

परीक्षेच्या दिवशी साहेब आले, हार झाले, चहा झाला. भिकुअक्काला कुठला धडा द्यायचा ते झुलालनंच पान उघडून साहेबांच्या हातात दिलं. अक्कानं तो धडा असा वाचला की साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तीन आठवड्यांत हे मी कुठंच पाहिलं नाही, असं म्हणून त्यांनी झुलालची पाठ थोपटली आणि पुण्याला त्याचंच नाव जाईल असं सांगून टाकलं. अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याकडं झुलालनं पाहिलं नाही, एवढी लाज तरी त्याच्यात उरली होती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजला परतायला सडकेवरच्या निंबाखाली वळकटी टाकून एस.टी.ची वाट पाहत बसला होता. तर शेतातून भिकुअक्का लगबगीनं आली. तिच्या हातात निळं आंतर्देशीय पत्र होतं, कडा चिकटवलेलं.

"पोरनी चिठ्ठी उनी. नथ्थू मागत व्हता, मी नही दिधी. तुनासमोर वाचस, तू आयक," ती म्हणाली. तिनं नखानं कड फोडली, पत्र नीट उलगडलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. तिनं एकदा पत्र जवळ धरलं, एकदा लांब. मग निर्मळ मनानं म्हणाली, "हाऊ धडा तू शिकाडा नही, भाऊ. एक डाव म्हनी दखाड. मंग मी वाचस."

ज्या गोष्टीवर झुलाल भरताभोवती हसला होता ती अशी समोर उभी होती आणि अक्काच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेशही नव्हता. त्यानं पत्र घेतलं. आता हो म्हणणंही पाप आणि नाही म्हणणंही पाप. त्यानं वाचायला सुरुवात केली.

"आई, तू वाचायला शिकलीस असं गावाहून आलेल्या मामानं सांगितलं. म्हणून आज पहिल्यांदा खरं लिहिते. आजवर नथ्थूकाका चारचौघांत वाचतो म्हणून मी सुखरूप लिहीत गेले. हे मला मारतात. सासू दोन दोन दिवस जेवायला देत नाही. तू येऊन मला घेऊन जा. हे फक्त तुला लिहिलंय. दुसऱ्या कोणाला दाखवू नको."

एस.टी. आली, थांबली, गेली. तो उठला नाही.

भिकुअक्कानं पत्र हातातून घेतलं. पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवून तिनं लेकीचं सगळं दुःख शब्द न् शब्द म्हटलं, कुठंही न अडखळता. बोट पुढं सरकत होतं, पण शब्द एकीकडं आणि बोट भलतीकडं. म्हणून झाल्यावर तिनं वर पाहिलं.

"बरोबर वाचं ना, भाऊ?"

"नाही, अक्का," झुलाल म्हणाला. मान वर करण्याची त्याची छाती झाली नाही. "तुला वाचता येत नाही. मी शिकवलंच नाही. मला ठाऊक होतं, तरी साहेबांपुढं तुला उभी केली." सांगताना त्याला स्वतःचा आवाज ऐकवेना. मग घाईघाईनं म्हणाला, "मी पुण्याला जात नाही. तुझ्याबरोबर नवापूरला येतो."

अक्कानं पत्राची घडी घातली, घडीवर घडी, ते बोटाएवढं होईपर्यंत, आणि चोळीत खोवलं.

"ती सांगे, दुसरा कोनले दखाडू नको," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "आनि मी दखाडी दिधं."

झुलाल बारशाच्या पाळण्यात होता तेव्हापासून भिकुअक्का त्याच्यापुढं उघड्या डोक्यानं वावरली होती. आता तिनं डोक्यावर पदर घेतला, परक्या पुरुषापुढं घेतात तसा डोळ्यांपर्यंत खाली ओढला, आणि नवापूरची वाट विचारायला ती एकटीच सडकेनं निघाली.