नाखव्याची युद्धनीती

"कोन जिंकला ते इचारू नको. कोन खवळला ते सांग."

युद्धाची कुठलीही बातमी आली की नाखवा उजव्या हाताचं बोट हवेत उभं करून हे म्हणायचे. बोट खाली येईपर्यंत दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. नियम त्यांचाच.

तुमच्याही ओळखीत असा एखादा युद्धतज्ज्ञ असेल. आमचे सारसोळ्याचे होते. स्वतःची होडी होती, म्हणून नाखवा. त्यांचं अंगण आणि आमची नेरुळची सोसायटी यांच्यामध्ये एक भिंत. पलीकडे बोंबील सुकवायची मोकळी जागा, अलीकडे आमची फेऱ्या मारायची वाट. मी सोसायटीची सेक्रेटरी. फेऱ्या मारतानाच दिवसाची कामं ओळीने लावून घेते. नाखव्यांनी भिंतीवरून हाक मारली की ओळ मोडायची.

त्यांचा जावई न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला. कुठल्याशा लढाईमुळे तिथे जहाजं उशिरा यायला लागली, तेव्हापासून नाखव्यांच्या फोनवर युद्ध अखंड सुरू. एकदा मी विचारलं, "नाखवा, एवढीशी संघटना चार बंदुका आणि रॉकेटं घेऊन बलाढ्य शेजारी देशाच्या अंगावर जाते. मार खाणार हे त्यांना कळत नाही?"

बोट वर गेलं.

"कळतं गो. जिंकायला कोन जातंय? एक, मोठ्याला खवळवायचा. खवळला का तो आंधळा मारतो, मंग जग म्हनतं मोठाच वाईट. दोन, आपल्या घरात भांडनं लागली का भायेरचा दुश्मन बरा. सगळे गपचूप मागं उबे रातात. तीन, आपल्याला इसरून मोठ्यांचा आपसात सौदा चाललाय, तो मोडायचा."

"आणि ज्यांची घरं पडतात, ते?"

बोट जरा वाकलं. "त्यांना कोन इचारतो," म्हणाले आणि फोनचा आवाज वाढवला.

त्याच हंगामात बोंबलांच्या जागेवर पार्किंग करायचं गावात घाटू लागलं. बिल्डर आणि गावातले वजनदार लोक यांच्या बैठकाही झाल्या. नाखव्यांना कुणी बोलावलं नाही. गाव निम्मं पार्किंगच्या बाजूने, निम्मं विरुद्ध. आणि एका सकाळी, इतकी वर्षं पार पलीकडच्या टोकाला असलेल्या बांबूच्या चौकटी आमच्या भिंतीला येऊन टेकल्या. वर एकमेकांच्या जबड्यांत अडकवून टांगलेले ओले बोंबील. वास सातव्या मजल्यापर्यंत.

आमचे अध्यक्ष नाकाला रुमाल लावून मीटिंगला आले. "हे आक्रमण आहे!"

"आहेच," मी म्हटलं. "आपण खवळावं म्हणूनच आहे. आपण नोटीस दिली की फुटलेलं गाव एक होणार." मग मी बोटावर एक, दोन, तीन मोजून दाखवलं आणि ठराव मांडला: खिडक्या लावणे, उदबत्त्या लावणे, बाकी काही न करणे. कुरकुरत मंजूर झाला.

नाखवा रोज भिंतीवरून डोकवायचे.

"काय गो, वास येत नाय?"

"येतो ना. सुकले की अर्धा किलो ठेवा."

"नोटीस बिटीस?"

"नाही."

"कसली गो तुमची सोसायटी!" अगदी हिरमुसून म्हणाले.

मग मी भाचीच्या हळदीला पनवेलला गेले आणि अध्यक्ष खवळले. भरदुपारी त्यांनी वॉचमन पाठवले. त्यांनी एक चौकट मागे ओढली, ती दुसरीवर गेली, दुसरी तिसरीवर. सगळे बोंबील मातीत. तासाभरात अख्खं गाव आमच्या गेटवर. पार्किंगवाले सगळ्यांत पुढे, 'जागा आमची' म्हणून घसा कोरडा करत. पार्किंग त्या दिवशी मेलं ते मेलंच.

दुसऱ्या सकाळी सोसायटीच्या वतीने माफी मागायला मी पलीकडे गेले. नाखवीण टोपात पाणी घेऊन एकेक बोंबील धूत बसली होती. निम्मे टाकूनच द्यायचे होते. नाखवा शेजारी उभे.

"जिंकलात, नाखवा," मी म्हटलं. "तिन्ही कारणं लागू पडली."

बोट वर गेलं नाही.

"लढाई याची, बोंबील माजं," नाखवीण मान वर न करता म्हणाली. "मना कुनी इचारलं?"

नाखवा खाली बसले, तिच्या हातातला बोंबील घेतला आणि धुवायला लागले. त्या दिवशी फोन बंद होता.

आता नाखवा नाहीत. जागा आहे. नाखविणीने चौकटी पुन्हा पलीकडच्या टोकाला नेल्या. एकच आमच्या भिंतीला टेकलेली ठेवली. मी विचारलं, तर म्हणाली, "त्याची हाय ती. राऊं दे."

हंगामात त्या चौकटीवर बोंबील असतात, वासही येतो. अध्यक्ष दर मीटिंगला रुमाल काढून विचारतात, "त्या चौकटीचं काय करायचं?"

मी उजव्या हाताचं बोट वर करते. सगळे गप्प होतात. मग मी पुढचा विषय घेते.