केरी ते मोरजी, अंदाजे

तो शुक्रवार होता आणि मी म्हापशाच्या बाजारात फितीवरून दुकानदाराशी हुज्जत घालत होते. शर्यतीच्या शेवटाला बांधायची लाल फीत दरवर्षी मीच आणायची आणि दरवर्षी ती हातभर कमी भरायची. फीत, थोडी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि केळ्यांचा एक फणा पिशवीत टाकून मी पेडण्याच्या बसपाशी आले.

बसचा कंडक्टर काशी. सावंतवाडीकडचा, पण आमच्या घरातलाच म्हणावा असा. एरवी "बाई, मागे सरा, मागे सरा" म्हणून माझ्यावरसुद्धा ओरडायचा. त्या दिवशी त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवलं आणि म्हणाला, "बाई, हय बसा."

त्यानं तिकीट फाडलं नाही. कोलवाळचा पूल गेला तरी तो माझ्याकडे बघेना. शेवटी मीच विचारलं, "मास्तरांना काय झालं?"

"सायकल घेवन गेल्ले... मांद्र्यात," एवढंच तो म्हणाला आणि थांबा नसताना घंटी मारली. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं आणि बस तशीच पुढे नेली.

मास्तर म्हणजे माझे यजमान. आमच्या हायस्कुलात ते पी.टी. शिकवायचे, मी मराठी. सगळा तालुका त्यांना मास्तर म्हणायचा, म्हणून चारचौघांत मीही मास्तरच म्हणायचे. केरी ते मोरजी ही समुद्राकाठच्या रस्त्यानं धावायची शर्यत त्यांनी सुरू केली आणि शेवटपर्यंत चालवली. धावणाऱ्यांच्या वेळा लिहून ठेवायचं काम माझं, कारण कमिटीत सेकंदकाट्याचं घड्याळ माझ्या एकटीकडे होतं.

मास्तर गेल्यावर समाचाराला येणारा प्रत्येक जण शर्यतीचा एखादा किस्सा सांगू लागे. सांगता सांगता हसू येई, मग माझ्याकडे लक्ष जाऊन तो चहाच्या कपात तोंड घाली. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "हसा. त्यांना चाललं असतं." त्यानंतर ओसरीवर इतके किस्से जमले की कुठला कोणत्या वर्षीचा, ते मलाच सांगावं लागे.

* * *

गोवा राज्य झालं त्या वर्षीची पहिली शर्यत. अंतर मोजायला मास्तरांनी सायकलच्या पुढच्या चाकाला लाल फडका बांधला. फडका एकदा वर आला की एक फेरा. फेरे मोजायचे आणि चाकाच्या घेरानं गुणायचे. हिशेब सोपा होता.

पालयेत एका अंगणातून हाक आली, "मास्तर, कितें मेजता?" मास्तर शिष्टाचाराचे पक्के. त्यांनी उतरून सगळं समजावून सांगितलं, घरच्यांची चौकशी केली आणि पुन्हा सायकलवर बसले तेव्हा आकडा डोक्यातून गेलेला. पुढचं सगळं अंदाजे.

त्या शर्यतीच्या वेळा आम्ही पणजीच्या एका कचेरीत पाठवल्या. उत्तर आलं: आपला पहिला धावपटू फारच वेगवान दिसतो. अंतर किंवा घड्याळ, दोहोंपैकी एक तपासून घ्यावे. मोजणी पक्की झाल्याशिवाय वेळा ग्राह्य धरता येणार नाहीत.

मास्तर माझ्याकडे बघून कमिटीला म्हणाले, "घड्याळ बाईंचं आहे. ते चुकायचं नाही."

तेव्हापासून त्यांच्या मनानं एकच घेतलं. एकदा हा रस्ता नीट मोजायचा. तोवर खोटं लिहायचं नाही म्हणून प्रशस्तिपत्रांवर त्यांनी 'अंदाजे अठरा किलोमीटर' असं छापून घेतलं. डिचोलीचा एक पोरगा ते प्रशस्तिपत्र घेऊन खाणीवर नोकरी मागायला गेला. साहेबानं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "आणि नंबर? तोही अंदाजेच?"

* * *

दुसऱ्या वर्षी कापडी फलक लावायचं ठरलं. केरीत जिथे रस्ता फुटतो, एक फेरीबोटीच्या धक्क्याकडे आणि एक पालयेकडे, तिथे. फलक मराठीत की कोकणीत, यावर कमिटी दोन तास बसली. दोघे उठून गेले, एक परत आला. मग कुणीतरी म्हणालं, अक्षरंच नकोत, नुसता आकडा घाला. तर आकडा देवनागरी की इंग्रजी, यावर आणखी एक तास गेला.

शेवटी नुसता बाण काढायचं ठरलं. बाणावर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

फलक बांधायचं काम रुझारकडे. रुझार हरमलचा पोदेर, म्हणजे पाव भाजून सायकलवरून घरोघर विकणारा. मास्तरांचा जिवलग. त्यानं फलक घट्ट बांधला, फक्त उलट्या बाजूनं. बाहेरगावचे तिघे जण जोरात पुढे होते. ते बाणाप्रमाणे धक्क्यावर गेले आणि सुटणाऱ्या फेरीत चढून तेरेखोलला पोचले.

मास्तरांनी फेरीवाल्याला जाब विचारला, "अरे, छातीवर नंबर लावलेली माणसं. तू चढू कशी दिलीस?"

"माका काय म्हायत? त्यांनी इचारल्यानी, अजून किती ऱ्हवला. मी म्हटलंय, दोन मिन्टां."

* * *

सगळ्यांच्या पुढे पायलट म्हणून एक सायकल असावी, असं मास्तरांनी कुठेतरी वाचलं. पहाटे उठणारा, रस्ता पाठ असलेला आणि भोंगा असलेला माणूस एकच होता. रुझार ऐटीत पुढे निघाला आणि वळणावळणावर भोंगा वाजवू लागला.

पोदेराचा भोंगा ऐकला की बायका पिशवी घेऊन दारात येतात. हरमलपासून पुढे रस्त्याच्या मधोमध बायका उभ्या. रुझारच्या मागे टोपलीही होतीच. रिकामी सायकल चालवायची त्याला सवय नव्हती. तो थांबला आणि त्याच्यामागे पहिला, दुसरा, तिसरा असे सगळे थांबले. पायलटच्या पुढे जायचं नाही, अशी सूचना मास्तरांनीच सकाळी दिली होती.

मास्तर धावत आले. "रुझार, शर्यत चालू आहे."

"मास्तर, तुका दुसरो पायलट मेळटलो," रुझार पाव मोजत म्हणाला, "हांकां दुसरो पोदेर मेळचो ना."

* * *

मांद्र्यात दारावरून कुणी घाम पुसत गेलं तर त्याला हाक न मारणं बरं दिसत नाही. एका वर्षी डिचोलीचा एक मुलगा सगळ्यांच्या बराच पुढे होता. मांद्र्यात एका म्हातारीनं त्याला ओळखलं. तिच्या पुतणीच्या दिराचा तो मुलगा. ती थेट रस्त्यात आली.

"मावशी, शर्यत आहे."

"असू दे. दारातून उपाशी जातोस आणि घरी आईला काय सांगशील?"

तो गेला, पाय धुतले आणि पाटावर बसला. शर्यतीत पाचवा आला. मी वेळ लिहीत असताना मास्तरांनी त्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, पहिला नंबर पुढच्या वर्षीपण असेल. नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या आजच होत्या."

मास्तरांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "उरल्यात का?"

* * *

मोजणीचं मात्र दरवर्षी काहीतरी बिनसायचं. आकडे डोक्यात ठेवायचं सोडून मास्तरांनी नवी पद्धत काढली. डाव्या खिशात मूठभर भाजलेले चणे घ्यायचे. शंभर फेरे झाले की एक चणा उजव्या खिशात. शेवटी उजवा खिसा मोजला की झालं.

मांद्र्याला वडाखाली रुझार भेटला. यंदा सरपण महागलं, मुलगा आखातात जायचं म्हणतो, असं बोलणं निघालं. मास्तर मन लावून ऐकत राहिले. मन लावून ऐकताना त्यांचे हात कधी रिकामे नसत.

मोरजीला पोचून त्यांनी उजवा खिसा टेबलावर उलटा केला. चार चणे निघाले.

त्या हिशेबानं केरी ते मोरजी अंतर किलोमीटरभरही भरत नव्हतं. रुझार म्हणाला, "मास्तर, इतलेंच जाल्यार फुडल्या वर्सा हांवूय धांवतां."

घरी आल्यावर मी त्यांना चिंचोके काढून दिले. म्हटलं, "हे खाऊन दाखवा आता."

* * *

त्यानंतर कमिटीनं ठराव केला. सायकलला लाल फडका असेल तेव्हा मास्तरांशी कुणीही बोलायचं नाही. आमच्या भागात सरकारचा हुकूम पाळला जाईलच असं नाही, पण हा ठराव केरीपासून मोरजीपर्यंत पाळला गेला. मास्तर सायकलवरून येताना दिसले की बायका पदर तोंडाला लावून घरात जायच्या. चहाच्या गाड्यावरची माणसं आपसातलं बोलणंही थांबवायची.

त्या वर्षी पालयेत मास्तरांच्या पायातली एक चप्पल गळून पडली. दहा-बारा जणांनी ती पाहिली. मास्तर एका चपलेनं हरमल ओलांडून मांद्र्यापर्यंत गेले. तिथे पाय रस्त्याला टेकला आणि तळपाय भाजला, तेव्हा त्यांना कळलं. चप्पल नवी होती. मोजणी टाकून ते परत फिरले.

पालयेत कुणीतरी चप्पल पुसून कुंपणाच्या खांबावर नीट ठेवली होती. खाली तेच दहा-बारा जण उभे.

"अरे, एक हाक तरी मारायची."

मग एक जण फडक्याकडे बोट दाखवून दबक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, तुम्ही मोजत होता ना."

* * *

त्या शुक्रवारी सकाळी मी बाजाराला निघाले तेव्हा ते चाकाला फडका बांधत होते. कचेरीत नवे साहेब आले होते. या खेपेला मोजणी दिली तर वेळा धरू, असं त्यांनी कळवलं होतं. मी चिंचोके डाव्या खिशात घातले. ते म्हणाले, "फीत हातभर जास्त घे."

पुढचं रुझारनं सांगितलं. सगळे किस्से सांगून झाले तरी तो अकरा दिवस गप्प होता. बाराव्या दिवशी बोलला.

पाव विकून परतताना त्याला मास्तर मांद्र्याच्या वडाखाली बसलेले दिसले. सायकल खोडाला टेकलेली, चाकाला लाल फडका. पूर्वी आपल्यामुळेच घोटाळा झाला, हे त्याच्या मनात होतं. त्यानं भोंगा हातानं दाबून धरला आणि सायकलवरून उतरून, चालत, आवाज न करता पुढे गेला. एका घरी पाव द्यायचा राहिला होता म्हणून अर्ध्या तासानं परत त्याच वाटेनं आला. मास्तर तसेच बसलेले. तेव्हाही तो बोलला नाही. शेजारी उभा राहिला.

"बाय, म्हाका दिसलें, मास्तर मेजता."

मी आत जाऊन मास्तरांचा सदरा आणला. उजव्या खिशात बावन्न चिंचोके होते. एक त्यांच्या मुठीत होता, तो मी वेगळ्या पुडीत ठेवला होता.

काशीनं पुडी उघडून पाहिली. "म्हणजे त्रेपन. शंभर फेरे झाले म्हणान तर हातात घेतल्यानी."

"ना, ना," रुझार म्हणाला, "मास्तर आदींच काडून मुठींत धरतालो. शंभर जाले काय मागीर बोल्सांत, खिशांत. हांवें पळयलां."

"तू बघितलंस? तुका तर बोलूक पण बंदी होती."

"बोलूंक बंदी. पळोवंक ना."

त्रेपन्न की बावन्न, यावर ते दोघं चहा निवेपर्यंत भांडले. मास्तर गेल्यापासून त्या दोघांना भांडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. रुझार हाताची मूठ करून दाखवत होता, काशी त्याची मूठ उघडत होता. मी दुसरा चहा टाकायला उठले.

फीत या खेपेला पुरेशी आहे. मांद्र्याच्या वडापासून मोरजीपर्यंतचा रस्ता मोजायचा राहिला आहे.