काजळीचा अंगठा

माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट थंड डोक्यानं सांगावी म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल तशी सांगावी.

जामखेडच्या पुढं माळावर एक वस्ती आहे आणि वस्तीवर आमची दोनशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी मुख्याध्यापक राधाकृष्ण सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे आणि चूल लंकाबाईंकडे. पोरांची दुपारची खिचडी त्या शिजवतात. उंच, काटक बाई, चाळिशीच्या अलीकडची, बोलणं मोजकं. सकाळी प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं स्वयंपाकखोलीच्या दारातून एकदा नजरेखालून घातली की किती वाट्या तांदूळ टाकायचा ते त्यांचं ठरायचं. माझी हजेरी त्यानंतर व्हायची. आकडे त्यांना नोटांवरून आणि मोबाईलवरून ओळखू येतात. अक्षर मात्र एकही येत नाही.

त्यांचे मालक अजिनाथ दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पूर्वी लंकाबाईही जायच्या आणि थोरला अंगद बरोबर असायचा. सहा महिने उसाच्या फडात, सहा महिने शाळेत असं करत अंगद आठवीपर्यंत दर वर्षी पास झाला. झाला म्हणजे आम्ही मास्तर लोकांनीच केला. आज तो अठरा वर्षांचा आहे, कशीबशी स्वतःची सही करतो आणि जामखेडच्या स्टँडवर उभा राहून गाडी कुठली आहे ते शेजारच्याला विचारतो. धाकट्या सुकन्याचं असं होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी लंकाबाईंनी फडात जाणं सोडलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. अजिनाथ आता अर्धा कोयता झाले आणि वर मुकादमाची बोलणी खातात. लेकीला वाचता यावं म्हणून हे घर निम्मं वर्ष दोन ठिकाणी राहतं.

आणि आम्ही काय केलं ते ऐका.

दिवाळीनंतर राधाकृष्ण सरांनी एक उपक्रम काढला. पोरांनी रोज घरी एक पान वाचायचं, पाच गणितं सोडवायची आणि वहीत खाली पालकांनी सही करायची. सही आहे म्हणजे पालकांनी अभ्यास घेतला. फेब्रुवारीत तालुक्याचे साहेब शाळा बघायला येणार होते, त्यांच्यापुढं या वह्या मांडायच्या. आता निम्म्या पोरांचे आईबाप फडात, घरी नुसते म्हातारा-म्हातारी, त्यांना सही कुठून येणार हा प्रश्न सरांना पडला नाही. खरं सांगायचं तर मलाही पडला नाही. आम्ही सह्या मागितल्या आणि सह्या आल्या.

एका वहीत तेवढा अंगठा यायचा. सुकन्याच्या. तोही काळाकुट्ट, कारण घरात शाई नव्हती. लंकाबाई तव्याच्या बुडाची काजळी तेलाच्या थेंबात कालवून त्यात अंगठा बुडवायच्या. पान डागाळायचं, वही मिटली की समोरच्या पानावरही उमटायचं. सर वैतागले. मी लंकाबाईंना म्हटलं, "अहो, अंगठा कशाला? अंगदला येते की सही, त्याला करायला सांगा."

"त्यानं कुठं ऐकलंय, मॅडम? ऐकलं म्या," लंकाबाई म्हणाल्या आणि पातेल्यात पळी फिरवत राहिल्या.

जानेवारीत तो अंगठाही बंद झाला. सलग तीन दिवस सुकन्याच्या वहीतली खालची जागा कोरी. नियम म्हणजे नियम. मी त्या पोरीला तिन्ही दिवस वर्गात उभं केलं. वास्तविक वर्गात सगळ्यांत छान वाचणारी मुलगी ती. धडा असा घडाघडा वाचायची की ऐकत राहावं. एवढ्या गुणी लेकीच्या वहीत आईला बोट टेकवायला काय होतं, म्हणून माझं डोकं तापलं आणि तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ घर गाठलं.

लंकाबाई पडवीत चुलीपुढं भाकरी थापत होत्या. सुकन्या शेजारी पुस्तक घेऊन बसली होती. लंकाबाईंनी पोतं झटकून माझ्यापुढं सारलं. "बसा, मॅडम. हिचं तेवढं ऐकते."

सुकन्यानं धडा वाचून दाखवला. एक चूक नाही. लंकाबाईंनी पिठानं भरलेलं बोट पानाच्या मधल्या एका ओळीखाली टेकवलं. "आता हितनं वाच."

सुकन्यानं डोळे मिटले आणि त्या ओळीपर्यंत पोचायला धडा पुन्हा पहिल्या वाक्यापासून म्हणायला घेतला.

"वरनं न्हाई, बाय. बोट हाय तिथनं."

पोरगी रडवेली झाली. तिला ते येत नव्हतं.

"बघा," लंकाबाई मला म्हणाल्या. "हे पाठ हाय, वाचनं न्हाई. आदुगर म्या बी फसले. आता तीन दिस झालं, हितंच अडतंय. कसा देऊ अंगठा?"

"पण तुम्हाला कसं कळतं?" मी विचारलं. आवाज माझा चढलाच होता.

"मला वाचाया येत न्हाई, पर लेकरू कुठं बघतंय ते दिसतंय की. तोंड फुडं पळतंय आन् डोळं भिंतीवर." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "मंग म्या मधनं वाचाया लावते. खालनं लावते. एकच वळ दोनदा लावते. दोनी येळंला त्येच आलं तर खरं. आमचा अंगद बी असाच घडाघडा म्हनायचा. म्या लई खूश व्हायचे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला अक्षर ओळखू येत नाही ती बाई मला वाचन म्हणजे काय ते सांगणार? दुसऱ्या दिवशी तिला खोटं पाडायचं ठरवूनच मी वर्गात गेले. दुसरीतली अकराच्या अकरा मुलं एकेक करून उभी केली आणि प्रत्येकाला पानाच्या तळाची ओळ वाचायला लावली. दोघांना आली. नऊ जणांना आली नाही. त्या नऊही जणांच्या प्रगतिपत्रकात मी 'वाचन ओघवते' असं लिहिलेलं होतं. आदल्या दिवशीचा राग मग मला माझ्यावरच काढावा लागला.

त्यानंतर मी दोन-चारदा त्या पडवीत जाऊन बसले. वरकरणी सुकन्याचा अभ्यास बघायला, खरं तर लंकाबाईंचं शिकवणं बघायला. एकदा सतरा आणि पाचची बेरीज चालली होती. सुकन्यानं उत्तर बावीस बरोबर काढलं आणि डोक्यावर हातच्याचा एक लिहिला.

"ह्यो वरचा एक कुठनं आला?" लंकाबाईंनी विचारलं.

"हातचा हाय. मॅडम म्हनल्या वर लिवायचा."

"पर आला कुठनं?"

ते सुकन्याला माहीत नव्हतं. लंकाबाईंनी चुलीपुढच्या काटक्या ओढल्या. दहा काटक्यांची सुतळीनं एक मोळी बांधली, फडात उसाची बांधतात तशी, आणि सात सुट्या ठेवल्या. त्यात पाच टाकायला लावल्या. सुट्या बारा झाल्या. "आता धा झाल्या का न्हाई? मंग बांध मोळी." सुकन्यानं बांधली. "आता ही एक काटकी हाय का धा?"

"धा."

"मंग ती मोळ्यांच्या अंगाला जाती. सुट्यात कशी ऱ्हाईल?"

सुकन्यानं वहीतल्या त्या एकाकडे पुन्हा बघितलं आणि हसली. नऊ वर्षं मी हातचा शिकवते आहे. वर लिहा म्हणायचं आणि पोरांनी लिहायचं. तो येतो कुठून हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

पंधरा दिवसांनी सुकन्याच्या वहीत काळा अंगठा परत आला. ती आता हळू वाचायची. शब्दाखाली बोट ठेवायची, अडायची, जुळवायची, पण जे वाचायची ते पानावर असायचं.

मी राधाकृष्ण सरांना सांगितलं की पोरं वाचत नाहीत, पाठ म्हणतात. "तेवढं साहेब येऊन जाऊ द्या, मग बघू," सर म्हणाले आणि प्रत्येक मुलाला एकेक परिच्छेद वाटून दिला. तेवढाच घोकून घ्यायचा. मग साहेबांसाठी वह्या लावताना माझ्या लक्षात आलं की सुकन्याची सोडून दुसरीच्या बाकी दहाही वह्यांतल्या सह्या एकाच हातच्या आहेत. चौकशी केली. चौथीतली पंकजा सगळ्या वस्तीच्या पालकांची सही करून द्यायची, एका सहीला मूठभर बोरं. तिच्यावर काय रागवायचं? आम्ही सह्या मागितल्या होत्या, तिनं पुरवल्या. सरांना दाखवलं तर म्हणाले, "राहू द्या हो, सह्या तर आहेत ना." आणि सुकन्याची वही घाण दिसते म्हणून उचलून कपाटात टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. अख्ख्या वर्गात खरी निशाणी एक होती आणि ती कुलपात गेली. मी काय बोलले? काही नाही. बदल्यांचं वर्ष होतं.

साहेब आले. खुर्चीत बसले. सर एकेका पोराला उठवून पान उघडून द्यायचे, पोरगं घडाघडा म्हणायचं, साहेब मान डोलवायचे. सुकन्याची पाळी आली. तिचा परिच्छेद तिला तोंडपाठ होता, मीच घोकून घेतला होता. तिला तो एका दमात म्हणून मोकळं होता आलं असतं. तिनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द वाचत निघाली. पाठ म्हटलेल्याला घरी अंगठा मिळत नव्हता.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "ही बरीच मागं दिसते."

"आई अंगठेबहाद्दर, साहेब. वडील तोडीवर," सर म्हणाले. "घरी बघणारं कुणी नाही."

"मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही शेरेबुकात लिहा, खाली मी सही करतो." साहेब सांगत गेले आणि मी लिहीत गेले. 'इयत्ता दुसरी. वाचन उत्तम. अपवाद सुकन्या. पालक उदासीन.' शेवटचे दोन शब्द लिहिताना माझा हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही. अक्षरही चांगलंच आलं.

मान वर केली तर दारात लंकाबाई उभ्या होत्या, हातात साहेबांसाठी खिचडीचं ताट. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आत येऊन ताट टेबलावर ठेवलं.

"उदासीन म्हंजे काय वो, मॅडम?"

"तुम्ही आत जा, लंकाबाई," सर म्हणाले. त्या गेल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"लेकरांच्या अभ्यासाचं ज्यांना काही पडलेलं नसतं, ते," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली, ऐकलं एवढंच दाखवायला. मग सुकन्याला जवळ बोलावलं. "मॅडमनी आत्ता काय लिवलंय ते वाच."

शाई अजून ओली होती. हे कुठल्या पुस्तकातलं नव्हतं आणि कुणी घोकून घेतलेलं नव्हतं. सुकन्यानं बोट ठेवलं. "इयत्ता... दुसरी. वाचन... उत्तम. अप... अपवाद... सुकन्या." स्वतःचं नाव आल्यावर ती थांबली आणि आईकडे बघितलं. आईनं पुढं म्हणून खूण केली. "पालक... उदा... उदासीन."

"आता खालनं."

"उदासीन. पालक. सुकन्या. अपवाद. उत्तम..."

बाकीच्या पोरांपैकी किती जणांना हे वाचता आलं असतं ते मला ठाऊक होतं. साहेबांनाही उमगलं असावं, कारण ते आता घड्याळाकडे बघत नव्हते.

लंकाबाईंचा हात पातेलं उतरवून आलेला होता, अंगठ्याला बुडाची काजळी तशीच होती. त्यांनी तो माझ्या अक्षराखाली शेरेबुकावर दाबला. सर "अहो, सरकारी वही आहे ती" म्हणत उठले, तोवर उमटून झाला होता.

"वाचलं तिनं. म्या ऐकलं," लंकाबाई म्हणाल्या. मग त्यांनी शेरेबुक माझ्याकडे फिरवलं. "तुमी बी ऐकलं न्हवं, मॅडम? मंग करा सही."

मी सही केली. साहेबांनी पेन काढलं, पान बघितलं, पेन बंद करून परत खिशात ठेवलं आणि न जेवता निघून गेले. शेरेबुकाच्या पानांना छापील क्रमांक असतात, ती फाडता येत नाहीत.

संध्याकाळी कपाटाला कुलूप लावायच्या आधी मी ते पान पुन्हा उघडलं आणि 'पालक उदासीन' खोडायला पेन काढलं. लंकाबाई ताटं आवरत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण माझं पेन कुठं टेकतंय ते त्यांनी बघितलं.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "माज्या लेकीनं न शिकवल्यालं पैल्यांदा वाचलंय त्ये."